१०एक्स ट्रिपलेट हँड लेन्स: आकड्याच्या मागे लागू नका, काच बघा

दगडांशी ज्याचा रोजचा संबंध आहे अशा कुणालाही विचारा की फील्डवर एकच वस्तू न्यायची झाली तर कुठली नेशील, हातोडा नाही, कंपास नाही, बहुतेक जण गळ्यातली लेन्स म्हणतील आणि मीही तेच म्हणेन. हातोड्याने दगड फुटतो पण तो कुठला दगड आहे हे कळतं लेन्सने. सध्या मी एक नवीन १०एक्स ट्रिपलेट, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी तीन काचांची लेन्स, वापरतेय, २१ मिलिमीटर व्यासाची काच, मेटल बॉडी, बाजूला फिरवून उघडायची, आणि आता ती माझ्या हाताखालून इतकी गेलीये की तिच्याबद्दल नीट लिहिता येईल. ब्रँडपेक्षा स्पेक महत्त्वाचं असं माझं ठाम मत आहे, म्हणून कुठल्याही चांगल्या ट्रिपलेटला लागू होईल असंच लिहितेय. नावंच हवी असतील तर बाउश अँड लोंबची हेस्टिंग्ज ट्रिपलेट आणि बेलारूसची बेलोमो, दोन्ही भूशास्त्राच्या लोकांमध्ये वर्षानुवर्षं चालत आलेली आहेत.

आधी सगळ्यात मोठा गोंधळ मिटवून टाकू, तो म्हणजे आकड्याचा. नवीन माणूस लेन्स घ्यायला जातो आणि त्याला १०एक्सच्या शेजारी ३०एक्स, ४०एक्स, ६०एक्स असं काय काय दिसतं, तेही कमी पैशात, मग साहजिकच वाटतं की जास्त तेच चांगलं. तसं नसतं. भिंगाचं मॅग्निफिकेशन काढायचा साधा हिशोब म्हणजे २५० भागिले फोकल लेंग्थ, म्हणजे भिंगापासून त्याच्या फोकसपर्यंतचं अंतर, मिलिमीटरमध्ये (२५० मिमी हे डोळ्याला आरामात वाचता येईल असं अंतर धरलंय). म्हणजे १०एक्सची फोकल लेंग्थ २५ मिमी, २०एक्सची साडेबारा, आणि ३०एक्सची ८.३ मिमी. आता कव्हरवर लिहिलेलं असतं "३०एक्स, २१ मिमी". साध्या काचेचं दोन्ही बाजूंनी फुगीर भिंग घेतलं तर त्याच्या पृष्ठभागाची त्रिज्या साधारण फोकल लेंग्थएवढीच येते, मग ८.३ मिमी त्रिज्येचा अख्खा गोळा जरी धरला तरी तो रुंदीला १६-१७ मिमीच भरणार, २१ मिमी रुंद काच आणायची कुठून? भूमितीतच बसत नाही. माझ्या हातात आलेली असली "३०एक्स" भिंगं मोजली तर दहाच्या आसपासच भरतात. मोजणं एकदम सोपं आहे, खोलीत खिडकीच्या समोरच्या भिंतीजवळ उभं राहायचं, भिंतीवर पांढरा कागद धरायचा, लेन्स पुढेमागे करून खिडकीची उलटी प्रतिमा कागदावर स्पष्ट आणायची आणि लेन्सच्या मध्यापासून कागदापर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं. २५ मिमीच्या जवळपास आलं की ती दहाची, वर काय छापलंय ते सोडून द्या.

बरं खरोखरची २०एक्स मिळाली तरी पहिली लेन्स म्हणून ती मी कुणालाच सुचवणार नाही. तिला दगडापासून जेमतेम १२ मिमीवर धरावं लागतं, एवढ्या जवळ नेलं की स्वतःच्याच डोक्याची सावली दगडावर पडते, दिसणारा भाग छोटा होतो, आणि डेप्थ ऑफ फील्ड (एका वेळी फोकसमध्ये राहणारी खोली) इतकी कमी की खडबडीत फुटलेल्या दगडावर एक कण फोकसमध्ये आणि शेजारचा धूसर. दगड काही सपाट स्लाइड नसतो. १०एक्सवर अडीच सेंटिमीटरचं अंतर मिळतं, उजेड आत येतो, आणि एका नजरेत एवढा भाग दिसतो की कण एकमेकांना कसे लागून आहेत ते कळतं. आणि खडक ओळखताना सुटा कण पुरत नाही, त्याच्या शेजारी कोण बसलंय तेच जास्त बोलतं.

ट्रिपलेट म्हणजे तीन काचा एकत्र चिकटवलेल्या. मधे क्राउन काचेचं फुगीर भिंग आणि दोन्ही बाजूंना फ्लिंट काचेची. एकट्या भिंगातून लाल आणि निळा उजेड वेगवेगळ्या ठिकाणी फोकस होतो, त्यामुळे काळ्या कणाच्या कडेला जांभळट-पिवळट किनार दिसते, आणि फ्लिंट काच ती चूक बरीचशी उलटी फिरवून काढून टाकते. हे नुसतं दिसायला छान म्हणून नाही सांगत, खनिजांचा रंग हा आमच्या कामाचा पुरावा असतो. गार्नेट फिकट गुलाबी आहे की लेन्सच्या किनारीमुळे तसं वाटतंय हा प्रश्न पडता कामा नये.

नवीन लेन्स आली की मी ती आधी ग्राफ पेपरवर ठेवते. मिलिमीटरच्या रेघा कडेपर्यंत सरळ राहतात का, काळ्या रेघेला रंगाची किनार येते का, कडेला फोकस सुटतो का. या लेन्समध्ये मधला बराच मोठा भाग अगदी स्वच्छ आहे, एकदम शेवटच्या कडेला रेघा किंचित वाकतात पण रंग जवळजवळ नाहीच. एका काचेचं स्वस्त भिंग शेजारी ठेवून बघितलं तर मधला थोडासा गोल सोडला की बाकी सगळं ताणल्यासारखं दिसतं. लिहिलेलं मॅग्निफिकेशन दोन्हीवर तेच. डोळा दिवसभर काय सहन करतो ते या फरकावर ठरतं.

आता वापरायच्या पद्धतीबद्दल, कारण अर्धी मजा इथे जाते. बहुतेक लोक लेन्स दगडाजवळ धरतात आणि डोळा लांब ठेवतात, सिनेमातल्या गुप्तहेरासारखं, आणि मग म्हणतात काही खास दिसत नाही. उलटं करायचं. लेन्स डोळ्याला जवळजवळ टेकवायची, अंगठा गालावर टेकला की हात हलत नाही, आणि मग दगड उचलून लेन्सकडे आणायचा, स्पष्ट दिसेपर्यंत. दगडाचा हात लेन्सच्या हाताला टेकवला की दोन्ही मिळून एकच घट्ट गोष्ट होते. दुसरा डोळा उघडाच ठेवायचा, सुरुवातीला विचित्र वाटतं पण सवय झाली की डोकं दुखत नाही. ऊन मागून-बाजूने खांद्यावरून आलं पाहिजे. बघायची जागा ताजी फोडलेली हवी, बाहेरची हवेपाण्याने खराब झालेली साल नाही, आणि एकदा कोरडी, एकदा ओली करून बघायची. ओली केली की रंग उघडतात, कोरडी असताना चकाकी कळते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दगड फिरवत राहायचं. फेल्डस्पार या खनिजाचं क्लीव्हेज, म्हणजे ते ज्या सपाट पातळीवर फुटतं ती, एका ठराविक कोनात उजेड पकडतं आणि अख्खा कण एकदम आरशासारखा चमकून जातो, अजून थोडं फिरवलं की विझतो. शेजारचा क्वार्ट्ज (गारगोटी) कसाही फिरवा, त्याला क्लीव्हेज नाही, तो काचेच्या तुकड्यासारखा वाकडातिकडा फुटलेला आणि आतून धुरकट पारदर्शक दिसतो. प्लॅजिओक्लेज (फेल्डस्पारचाच एक प्रकार) असेल तर चमकलेल्या पृष्ठभागावर अगदी बारीक समांतर रेघा दिसतात, कुणी पट्टी धरून ओढल्यासारख्या, त्या ट्विनिंगच्या, म्हणजे एकाला एक लागून वाढलेल्या जुळ्या स्फटिकांच्या रेघा. त्या एकदा दिसल्या की तो फेल्डस्पार प्लॅजिओक्लेज आहे हे नक्की, मात्र दिसल्या नाहीत म्हणून तो प्लॅजिओक्लेज नाहीच असं म्हणता येत नाही. या रेघा हीच माझी लेन्सची खरी परीक्षा. चांगल्या १०एक्समध्ये त्या सुटसुटीत दिसतात, वाईट लेन्समध्ये नुसता चमकणारा पांढरा ठिपका.

काळी खनिजं हा नव्या लोकांचा नेहमीचा अडकायचा मुद्दा. ग्रॅनाइटमध्ये काळं दिसलं की ते बायोटाइट का हॉर्नब्लेंड? लेन्स लावून त्या कणाला चाकूचं टोक किंवा सुई हळूच लावायची. बायोटाइट म्हणजे काळा अभ्रक, त्याचे पापुद्रे उचलले जातात, अगदी पातळ आणि तपकिरी. हॉर्नब्लेंडचे पापुद्रे निघत नाहीत, ते लांबट असतं आणि टोकाकडून बघितलं तर क्लीव्हेजच्या दोन दिशा ५६ आणि १२४ अंशांवर, तिरप्या चौकटीसारख्या. ऑजाइट या पायरॉक्सिन गटातल्या काळ्या खनिजात त्याच दिशा जवळजवळ काटकोनात येतात. हे कोन मोजत बसायची गरज नाही, तिरपं का सरळ एवढंच डोळ्याने ठरवायचं आणि ते ठरवण्याइतकी ही लेन्स नक्कीच स्पष्ट आहे.

लेन्स फक्त फील्डसाठी असा समज असेल तर तो सोडा. माझी सगळ्यात जास्त वापरली जाते ती इमारतींमध्ये. लिफ्टची वाट बघताना, कुठल्या तरी काउंटरवर रांगेत असताना. पॉलिश केलेला दगड म्हणजे कुणीतरी आपल्यासाठी तयार करून ठेवलेला नमुनाच की. "ब्लॅक ग्रॅनाइट" म्हणून विकला जाणारा दगड लेन्सखाली घेतला की बहुतेक वेळा क्वार्ट्ज सापडतच नाही, प्लॅजिओक्लेजच्या लांबट पट्ट्या आणि मधे पायरॉक्सिन, म्हणजे तो ग्रॅनाइट नाहीच, गॅब्रो किंवा डोलेराइट हे वेगळे दगड. निळसर चमकणारा जो दगड बँकांच्या आणि ऑफिसांच्या दर्शनी भागावर असतो तो नॉर्वेतल्या लार्विक भागातला लार्विकाइट, त्यातली निळी चमक हा फेल्डस्पारच्या आतल्या अतिशय पातळ थरांमधून उजेड विखुरल्याचा परिणाम आहे. आणि गोल गोल तपकिरी डोळ्यांचा, प्रत्येक डोळ्याला फिकट हिरवट कडं असलेला दिसला तर तो फिनलंडचा रापाकिवी ग्रॅनाइट, १६० कोटी वर्षांहून जुना. डोळा पोटॅशियम फेल्डस्पारचा आणि कडं प्लॅजिओक्लेजचं, आणि लेन्सने बघितलं तर दोघांमधली हद्द सुद्धा दिसते. मी तर तिथे दोन-तीन लिफ्ट सोडून देते.

वाळूसाठी तर यासारखं काही नाही. चिमूटभर वाळू कागदावर पसरा आणि बघा, वाऱ्याने आणलेले वाळवंटी क्वार्ट्जचे कण गोल आणि घासलेल्या काचेसारखे दुधी, पाण्यातून आलेले बऱ्याचदा चकचकीत, मधे काळे मॅग्नेटाइटचे (साधा चुंबक फिरवला की वेगळे होतात), गुलाबी गार्नेट. हवाईच्या पापाकोलेआ किनाऱ्याची वाळू हिरवी आहे ती ऑलिव्हिनमुळे. न्यू मेक्सिकोच्या व्हाइट सँड्सची पांढरी वाळू क्वार्ट्जची नाहीच, जिप्समची आहे. आणि ओकिनावाकडच्या बेटांवर ताऱ्याच्या आकाराचे कण सापडतात ते फोरामिनिफेरा या एकपेशीय जीवांचे सांगाडे. हे सगळं १०एक्समध्ये दिसतं, मायक्रोस्कोप लागत नाही.

आणि अशनीचा विषय. भूशास्त्रज्ञ आहे म्हटल्यावर ओळखीपाळखीतून काळ्या दगडाचे फोटो येतातच, "हा आकाशातून पडलाय का बघा". मला हे फोटो मनापासून आवडतात कारण त्या माणसाला दगड बघून काहीतरी वाटलंय. पण फोटोवरून सांगण्यापेक्षा मी त्यांना म्हणते लेन्स घ्या आणि स्वतः बघा. बुडबुड्यांची भोकं दिसली तर तो बहुतेक भट्टीतला स्लॅग (धातू वितळवताना उरलेला मळ) किंवा ज्वालामुखीचा दगड, अशनीत अशी भोकं जवळजवळ नसतातच. चुंबकाला चिकटतो एवढ्यावर काहीच ठरत नाही, मॅग्नेटाइटही चिकटतं, स्लॅगही. आतल्या ताज्या बाजूला बारीक धातूचे चमकते ठिपके आणि गोल मण्यांसारखे कण दिसले, आणि बाहेरून पातळ काळी साल, तर मात्र जवळच्या भूशास्त्र विभागात नक्की दाखवा. तसंच सोन्याचं. पिवळा चमकणारा कण सुईने दाबून बघायचा, सोनं दबतं, पायराइटचा चुरा होतो, अभ्रकाचा पापुद्रा निघतो, वाद तिथेच संपतो.

एलईडीवाल्या लेन्सबद्दल सगळे विचारतात. माझं मत नको असंच आहे, निदान दगडांसाठी. काचेच्या भोवती गोल लावलेले दिवे चारी बाजूंनी सारखा उजेड टाकतात, आणि वर सांगितलं तसं क्लीव्हेज ओळखायचं ते एका बाजूने आलेल्या उजेडातल्या चमकेवर, इथे सगळंच सपाट पांढरं होऊन जातं. एका कंपनीची असली लेन्स मी वापरली होती, थोड्याच काळात सेलच्या कप्प्यात धूळ जाऊन दिवा बंद पडला आणि मग राहिलं ते एक जाड, जड, साधं भिंग. अंधाऱ्या जागी काम असेल तर टॉर्च वेगळा ठेवा आणि तिरपा धरा. तिरप्या टॉर्चने जे दिसतं ते दिव्याच्या रिंगने कधीच दिसत नाही.

मोबाइलचं म्हणाल तर त्याचे मॅक्रो कॅमेरे आता खरंच चांगले झालेत आणि नोंदीसाठी मी वापरतेच, लेन्सच कॅमेऱ्यासमोर टेकवून फोटो काढला तर तो अजून छान येतो, मधला भाग एकदम स्पष्ट. पण ओळखायचं काम स्क्रीनवर होत नाही हो. फिरवताना होणारी ती चमक-विझ, ओल्या पृष्ठभागाची खोली, हे डोळ्यानेच. फोटो नंतरसाठी.

मर्यादा सुद्धा सांगायला हव्यात. डोळ्याची स्वतःची ताकद धरून १०एक्सवर साधारण ०.०१ मिमीपर्यंतचं वेगळं कळतं. वाळूचा कण २ मिमीपासून ०.०६ मिमीपर्यंत, तो आरामात दिसतो, जाड सिल्टही (वाळू आणि चिकणमाती यांच्या मधला गाळ) दिसतो, पण चिकणमातीचे कण ०.००४ मिमीच्या खाली, तिथे लेन्स थांबते. तिथे आमचे लोक चिमूटभर दाताखाली घेतात, कचकच लागली तर सिल्ट, लोण्यासारखं गुळगुळीत लागलं तर चिकणमाती (स्वच्छ जागचा नमुना असेल तरच, खाणीच्या कचऱ्याजवळ किंवा रसायनं असतील तिथे अजिबात नाही). बारीक कणांच्या बेसॉल्टचा मधला काळा भागही लेन्सने सुटत नाही, त्यातले मोठे स्फटिक तेवढे ओळखता येतात, बाकीसाठी ०.०३ मिमीची थिन सेक्शन (दगडाची घासून केलेली पातळ चकती) आणि पोलरायझिंग मायक्रोस्कोप.

आता बांधणी. उघडायचा सांधा या लेन्सला स्क्रूचा आहे, रिव्हेटचा नाही, ही फार चांगली गोष्ट, कारण सांधा कालांतराने सैल होतोच आणि स्क्रू असेल तर आवळता येतो. बॉडी बाहेरून चकचकीत क्रोमची आहे हे मला आवडलं नाही, उन्हात त्याचा झगझगाट डोळ्यात येतो, काळी किंवा मॅट असती तर बरं. काचेभोवतीची आतली रिंग मात्र काळी आहे, ती तशीच हवी. सोबत दिलेली चामड्याची पिशवी टाकून द्यायच्या लायकीची नाही पण मी वापरत नाही, कारण पिशवीत गेलेली लेन्स बाहेर येत नाही. गळ्यात दोरी हवी आणि ती सोबत मिळत नाही, भोक आहे पण लहान, त्यात पातळ दोरीच जाते. दोरी भडक रंगाची घ्या, गवतात पडलेली लेन्स रंगामुळेच सापडते.

पुसताना आधी फुंकर किंवा छोटा ब्लोअर, मगच मऊ कापड. धुळीत क्वार्ट्ज असतो आणि त्याची कठीणता ७, काच साडेपाचच्या आसपास, म्हणजे शर्टाने घासलं की प्रत्येक कण एक ओरखडा काढून जातो. स्पिरिट किंवा ॲसिटोनमध्ये बुडवायची नाही, काचा चिकटवलेला थर सुटू शकतो. चुनखडी तपासायला ॲसिडचा थेंब टाकला असेल तर फसफस चालू असताना लेन्स लावून वर वाकायचं नाही, तुषार उडतात, ते डोळ्याला वाईट आणि मेटलला पण. थांबायचं, पाण्याने धुवायचं, मग बघायचं. आणि उन्हात उघडी ठेवून जाऊ नका, कागद किंवा सुकं गवत पेटू शकतं, तिच्यातून सूर्याकडे बघायचा तर विचारही नको.

लहान मुलांसाठी घ्यायची असेल तरी हीच घ्या, खेळण्यातलं प्लॅस्टिकचं भिंग नको. मुलांना पहिल्यांदा मीठ दाखवा, बारीक मिठाचे चौकोनी ठोकळे बघून ती हमखास विचारतात हे कुणी कापलं, आणि मग पुढचं शिकवणं सोपं जातं. ज्यांच्याकडे १०एक्स आधीच चांगली आहे आणि जे जीवाश्म किंवा बारीक वाळू खूप बघतात त्यांनी दुसरी म्हणून १४एक्स ट्रिपलेटचा विचार करावा, २०एक्सपेक्षा ती हाताळायला बरीच सोपी पडते.